गाडीतल्या बटणाने गराज उघडतं, पण अगदी दाराशी आल्यावरच? होमलिंकची रेंज कशी शोधून दुरुस्त करावी

एडिसन असो, फ्रिस्को असो की फ्रीमॉन्ट, अमेरिकेतल्या आपल्या लोकांच्या घरात हे गाऱ्हाणं सारखं ऐकू येतं. गाडीच्या आरशावर किंवा व्हायझरवर तीन बटणं असतात. त्यातलं एक गराजसाठी लावून दिलेलं असतं. सुरुवातीला गल्लीत वळतानाच दार उघडायचं. आता ड्राइव्हवेत शिरून, बंपर दाराला टेकायची वेळ आली तरी बटण दाबत बसावं लागतं. मग कुणी म्हणतं आरसा बदला, कुणी म्हणतं मोटरच जुनी झाली. दोन्ही सल्ले महागाचे आहेत आणि बहुतेक वेळा चुकीचेही.

माझं मत आधीच सांगतो. रेंज कमी झाली म्हणजे गाडीचं बटण कमजोर झालं, असं फार क्वचित घडतं. बहुतेक घरांत गराजच्या मोटरमधला सिग्नल ऐकणारा भाग, म्हणजे रिसीव्हर, बहिरा झालेला असतो. त्यामुळे दोष कोणत्या बाजूला आहे हे कळेपर्यंत काहीही विकत आणू नका.

आधी थोडं यंत्राबद्दल

बहुतेक गाड्यांमधल्या या बटणांच्या मागे होमलिंक नावाचं यंत्र असतं. २०१३ पासून ते मिशिगनमधल्या जेंटेक्स कंपनीकडे आहे. त्याआधी ते जॉन्सन कंट्रोल्सकडे होतं. गराजचं दार उघडताना ते सहसा इंटरनेट वापरत नाही आणि ब्लूटूथही वापरत नाही. तुमच्या हातातल्या रिमोटसारखाच तो एक छोटा रेडिओ ट्रान्समीटर आहे. अमेरिकेत गराजची दारं प्रामुख्याने ३०० ते ३९० मेगाहर्ट्झच्या टप्प्यात चालतात आणि ३१५ व ३९० या त्यातल्या सर्वांत परिचित जागा आहेत.

हा ट्रान्समीटर मुळातच अशक्त असतो, कारण कायदाच तसा आहे. एफसीसी या अमेरिकी दूरसंचार आयोगाच्या भाग १५ च्या नियमांनुसार अशा उपकरणाची तीन मीटरवर मोजलेली सरासरी तीव्रता ३१५ मेगाहर्ट्झला साधारण ६,००० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर आणि ३९० ला साधारण ९,२०० च्या वर जाता कामा नये. म्हणून 'बूस्टर लावून ताकद वाढवू' हा विचार सोडून द्या. ते बेकायदा तर आहेच, शिवाय बहुधा गरजेचंही नसतं.

ऐकणाऱ्याच्या बाजूचं गणित मात्र समजून घ्या. मंगल कार्यालयात बँड सुरू असताना शेजारच्याने काही सांगितलं तर ऐकू येत नाही. बोलणाऱ्याचा आवाज तेवढाच असतो, गोंगाट वाढलेला असतो. गराजमध्ये नेमकं हेच होतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नलची ताकद चौथाई उरते. उलट बाजूने पाहिलं तर रिसीव्हरजवळचा गोंगाट चौपट झाला की पोहोच निम्मी होते. गोंगाट चौपट व्हायला एक स्वस्त एलईडी बल्ब पुरतो.

पायरी पहिली: मोजमाप

अंदाजावर चालू नका. ड्राइव्हवेवर खडूने रेघ मारायची तयारी ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी गराजबाहेर, दारावर नजर ठेवायला उभं करा. दाराच्या आसपास मुलं नकोत, सायकली नकोत.

तीन चाचण्या करायच्या आहेत. पहिलीत गाडीत बसून होमलिंकचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा. नुसतं टिचकीसारखं दाबू नका. हातातल्या रिमोटपेक्षा याला बहुधा थोडा जास्त वेळ लागतो. दूरवरून सुरुवात करून हळूहळू जवळ या आणि दार हललं तिथे रेघ मारा. दुसरीत गाडीतच बसून, हातातला मूळ रिमोट आरशाजवळ किंवा व्हायझरजवळ धरून तेच करा. तिसरीत गाडीबाहेर उभं राहून तोच रिमोट वापरा. रिमोटची बॅटरी नवी असू द्या, नाहीतर सगळी तुलना फुकट जाईल.

तिन्ही रेघा दाराजवळच पडल्या, तर दोष गराजमध्ये आहे. गाडीकडे पाहूही नका.

रिमोट गाडीच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे उत्तम चालतो, फक्त होमलिंक लंगडतं, तर ते पुन्हा शिकवावं लागेल किंवा यंत्रात दोष आहे.

बाहेर रिमोट छान चालतो, पण गाडीत बसल्यावर रिमोट आणि होमलिंक दोन्ही ढेपाळतात, तर काच सिग्नल अडवते आहे.

घरात दुसरी होमलिंकवाली गाडी असेल तर तीही त्याच ठिकाणी उभी करून पाहा. एवढ्याने निम्मा गुंता सुटतो.

एक गल्लत मात्र टाळा. दार लांबून उघडतं, पण बंद करताना थोडं खाली येऊन परत वर जातं किंवा हलतच नाही आणि मोटरवरचा दिवा लुकलुकतो, तर तो रेंजचा प्रश्न नाही. दाराच्या दोन्ही बाजूंना खाली असलेले सेफ्टी सेन्सर एकमेकांना पाहू शकत नाहीत, असा त्याचा अर्थ. १९९३ पासून बनलेल्या प्रत्येक घरगुती ओपनरला, म्हणजे दार उघडणाऱ्या मोटरला, असं संरक्षण असणं अमेरिकेत बंधनकारक आहे. संध्याकाळचं तिरपं ऊन सेन्सरवर पडलं किंवा कोळ्याने जाळं विणलं तरी हे होतं. तसंच, भिंतीवरच्या पॅनेलचं 'लॉक' चुकून दाबलं गेलं असेल तर सगळेच रिमोट एकदम बंद पडतात. त्याचाही रेंजशी संबंध नाही.

पायरी दुसरी: बल्ब काढा

दोष गराजकडे दिसला तर पहिला संशयित मोटरच्या डब्यातला बल्ब. अनेक ओपनरमध्ये रिसीव्हर आणि बल्ब काही इंचांच्या अंतरावर असतात. एलईडी आणि सीएफएल बल्बमध्ये वीज रूपांतर करणारं छोटं सर्किट असतं. ते स्वस्तातलं असेल तर नेमक्या याच पट्ट्यात कचरा फेकतं.

याची एक हमखास खूण आहे. दार लांबून उघडतं, गाडी बाहेर निघते, पण लगेच बंद करायला गेलात की बटण चालत नाही. चार-पाच मिनिटांनी मात्र पुन्हा चालतं. अनेक लिफ्टमास्टर आणि चेंबरलेन ओपनरचा दिवा साडेचार मिनिटांनी आपोआप विझतो. दिवा पेटलेला असताना रिसीव्हर बहिरा आणि विझला की शहाणा, असं दिसलं तर तपास संपला.

चाचणी सोपी आहे. ओपनरचा प्लग काढा, बल्ब थंड होऊ द्या, सगळे बल्ब काढा, प्लग लावा आणि पुन्हा रेघांवरून पाहा. रेंज वाढली तर गराज ओपनरसाठी म्हणून विकला जाणारा एलईडी बल्ब आणा. जिनी आणि लिफ्टमास्टर या दोघांकडेही असे बल्ब मिळतात. छताला लावलेले, वळवता येणाऱ्या पाकळ्यांचे एलईडी दिवे आणि लांब ट्यूबसारखे एलईडी हेही तितकेच उपद्रवी असतात, म्हणून बल्बबरोबर तेही बंद करून बघा.

सगळ्या तपासात ही पायरी सर्वांत स्वस्त आहे आणि यश सर्वांत जास्त इथेच मिळतं. बरेच लोक ही सोडून थेट मेकॅनिकला फोन करतात, हे पाहून वाईट वाटतं.

पायरी तिसरी: अँटेनाची तार

मोटरच्या डब्यातून एक पातळ तार लोंबते. ही तार म्हणजेच रिसीव्हरचा कान. रंगकाम करताना, सामान रचताना किंवा 'नीटनेटकं दिसावं' म्हणून कुणीतरी ती गुंडाळून डब्याच्या वर सरकवतं किंवा लोखंडी पट्टीला चिकटपट्टीने बांधतं. मग लोखंडच सिग्नल खाऊन टाकतं.

तार सरळ खाली लोंबू द्या. पट्टी, रेल, साखळी आणि विजेच्या वायरपासून ती दूर असू द्या. तुटली असेल तर मूळ लांबीइतकीच हवी. जास्त लांब तार म्हणजे जास्त रेंज, असं नसतं. अशी अँटेना साधारण तरंगलांबीच्या चौथाई असते: ३१५ मेगाहर्ट्झला सुमारे २४ सेंटीमीटर आणि ३९० ला सुमारे १९. पुण्या-नाशकातल्या बंगल्यांच्या सरकत्या फाटकांना बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्झचे रिमोट असतात. तिथे हीच लांबी १७ सेंटीमीटरच्या आसपास येते. आईबाबांच्या फाटकाचा रिमोट कुरकुरत असेल तर पुढच्या भेटीत मोटरच्या पेटीतली तार जरूर बघा.

हे करताना स्टूल पक्कं ठेवा आणि दाराच्या वरच्या मोठ्या स्प्रिंगला हात लावू नका. तिच्यात साठलेली ताकद हात मोडू शकते.

पायरी चौथी: घरातला गोंगाट

बल्ब काढले, तार सोडली, तरी फरक नाही? मग घरातलंच आणखी काही रेडिओत ओरडतं आहे. सिक्युरिटी कॅमेऱ्याचा अॅडॉप्टर, फ्रीजरजवळ लावलेला स्वस्त चार्जर, सायकलच्या बॅटरीचा चार्जर, एलईडी पट्ट्यांचा ड्रायव्हर, गराजमधलं नेटवर्कचं सामान, यांपैकी कुणीही असू शकतं. वायफायच्या लहरींना मात्र दोष देऊ नका. त्या २.४ गिगाहर्ट्झ आणि त्याच्या वर आहेत. राउटरचा अॅडॉप्टर ही वेगळी गोष्ट.

शोधायची सरळ पद्धत म्हणजे ब्रेकर. ओपनरचा ब्रेकर चालू ठेवून बाकीचे एकेक करून पाडा आणि प्रत्येक वेळी बाहेरून बटण दाबून बघा. कुठल्या ब्रेकरबरोबर रेंज परत आली ते कळलं की त्या लाइनवरचे प्लग एकेक करून काढा. तुमच्या ओपनरला बॅकअप बॅटरी असेल तर काम आणखी झटपट होतं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून विकल्या आणि बसवल्या जाणाऱ्या घरगुती ओपनरना ती सक्तीची आहे. मेन ब्रेकरच पाडा. दार बॅटरीवर चालेल आणि घर पूर्ण शांत असेल. तेव्हा लांबून उघडलं, तर चोर तुमच्याच घरात आहे. नाही उघडलं, तर शेजारी किंवा आणखी दूरवर.

दूरवरचा चोर ही काही कल्पना नाही. २००४ मध्ये फ्लोरिडातल्या एग्लिन हवाई तळाच्या आसपास गराजची दारं अचानक रुसली. लष्कराची नवी वायरलेस यंत्रणा ३८० ते ४०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सुरू झाली होती आणि तेव्हाचे बहुतेक ओपनर ३९० वर होते. हा पट्टा सरकारी वापराचा आहे, गराजवाले तिथे विनापरवाना पाहुणे. त्यामुळे तक्रार करायलाही जागा नव्हती. पुढे उत्पादक ३१५ कडे किंवा एकाहून अधिक फ्रिक्वेन्सींकडे वळले. तुम्ही लष्करी तळाजवळ राहत असाल आणि लिफ्टमास्टर-चेंबरलेनच्या मोटरवरचं लर्न बटण (नवा रिमोट ओळखायला शिकवायचं बटण) हिरवं, लाल किंवा नारिंगी असेल, तर तुमचा ओपनर त्या जुन्या ३९० च्या पिढीतला असण्याची शक्यता मोठी आहे. जांभळं बटण ३१५ चं. पिवळं बटण २०११ पासूनच्या सिक्युरिटी प्लस २.० या कोडपद्धतीचं असतं आणि ते ३१०, ३१५ व ३९० अशा तीन फ्रिक्वेन्सींवर चालतं.

पायरी पाचवी: भिंत आणि दार

लोखंडी दार सिग्नल अडवतं, हे उघड आहे. पण रेंज 'अचानक' कमी झाली असेल तर अलीकडे घरात काय बदललं ते आठवा. उन्हाळ्याआधी दाराला आतून चकचकीत फॉइलवालं इन्सुलेशन लावलं? जुनं लाकडी दार काढून इन्सुलेटेड स्टीलचं बसवलं? खिडक्यांचं दार काढून सपाट दार घेतलं? टेक्सास, ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियातल्या स्टको, म्हणजे सिमेंटच्या गिलाव्याच्या, घरांच्या भिंतींत लोखंडी जाळी असते, त्यामुळे गराज जवळजवळ पिंजराच होतो. पूर्वी दाराच्या काचांमधून येणारा सिग्नल त्या पिंजऱ्याचा एकमेव झरोका असायचा.

यावर खरा उपाय म्हणजे कान बाहेर काढणे. अँटेना एक्स्टेन्शन किट मिळतो. त्यात केबल आणि एक छोटी अँटेना असते. ती दाराच्या वरच्या चौकटीजवळ, खिडकीपाशी किंवा शक्य असेल तर बाहेर लावायची. आपल्या मॉडेलला तो किट बसतो की नाही हे आधी पाहा. लोखंडी पत्र्याला चिकटवून अँटेना लावली तर पैसे वाया गेले असं समजा.

आता गाडीकडे: होमलिंक पुन्हा शिकवणे

मोजमापात दोष होमलिंकवर आला असेल तरच इथे या. होमलिंकच्या सूचनापत्रात एक गोष्ट हमखास असते आणि कुणी ती पाळत नाही: शिकवताना हातातल्या रिमोटमध्ये नवी बॅटरी घाला. मरायला टेकलेल्या रिमोटकडून घेतलेला सिग्नल नीट उतरत नाही.

आधी जुनं पुसायचं. बऱ्याच गाड्यांत बाजूची दोन बटणं एकत्र, दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरायची असतात. नव्या गाड्यांत हे स्क्रीनवरून होतं. सावधान, असं केलं की तिन्ही बटणं पुसली जातात. सोसायटीच्या फाटकाचा कोड त्यातच असेल आणि त्याचा रिमोट हाताशी नसेल, तर सगळं न पुसता फक्त गराजचं एक बटण पुन्हा शिकवा.

मग रिमोट होमलिंकच्या बटणापासून एक ते तीन इंचांवर धरा आणि रिमोटचं व होमलिंकचं अशी दोन्ही बटणं एकत्र दाबा. दिवा हळू लुकलुकण्यावरून वेगाने लुकलुकायला लागला की सोडा. कॅनडात रिमोट काही सेकंदांनी आपोआप गप्प होतात, म्हणून तिथे होमलिंकचं बटण दाबूनच ठेवायचं आणि रिमोटचं दर दोन सेकंदांनी दाबत राहायचं.

एवढ्याने काम अर्धंच झालं. आजचे बहुतेक ओपनर दर वेळी कोड बदलतात, म्हणून गराजमधल्या मोटरलाही नव्या पाहुण्याची ओळख करून द्यावी लागते. शिडी लावा, मोटरवरचं लर्न बटण एकदा दाबून लगेच सोडा. साधारण तीस सेकंद हातात असतात. तेवढ्यात गाडीत जाऊन होमलिंकचं बटण दोन-तीन वेळा, प्रत्येकी दोन सेकंद दाबून सोडा. जोडीला कुणी असेल तर धावपळ वाचते. लर्न बटण दाबूनच ठेवू नका. लिफ्टमास्टर-चेंबरलेनमध्ये सहा-एक सेकंद धरलं की घरातल्या सगळ्या रिमोटांची ओळख पुसली जाते.

गाडी २०११ च्या आधीची आणि ओपनर पिवळ्या बटणाचा असेल, तर मुळातच दोघांची भाषा जुळत नसण्याची शक्यता असते. त्यासाठी कंपॅटिबिलिटी ब्रिज मिळतो. तो गराजमधल्या प्लगला लावायचा. गाडीचं ऐकून तो ओपनरला त्याच्या भाषेत सांगतो. दार फारच आत किंवा भिंत फारच जाड असेल तर हाच डबा दाराजवळच्या प्लगला लावून रेंजसाठीही उपयोगी पडतो.

काच, टिंट आणि टेस्ला

उष्णता परतवणाऱ्या काही काचांवर धातूचा पातळ थर असतो. धातूमिश्रित टिंटचंही तेच. टोलचा टॅगसुद्धा नीट वाचला जात नसेल तर हा संशय पक्का धरा. होमलिंक व्हायझरमध्ये असेल तर व्हायझर खाली करून, मग बाजूच्या खिडकीकडे वळवून बटण दाबून पाहा. काच खाली करूनही पाहा. फरक पडला तर उत्तर मिळालं. टिंट नव्याने करणार असाल तर सिरॅमिक घ्या, त्यात धातू नसतो.

डॅशकॅमवर मात्र उगाच आळ घेऊ नका. तो रेडिओचं एफएम किंवा जीपीएस बिघडवू शकतो, कारण ते ऐकणारे आहेत. होमलिंक बोलणारं आहे, त्याला शेजारच्या गोंगाटाने फारसं काही होत नाही.

टेस्लाचं प्रकरण निराळं आहे. मॉडेल ३ आणि वायमध्ये होमलिंकचा डबा पुढच्या बंपरमागे असतो आणि २०१९ पासून तो बहुतेक वेळा वेगळा विकत घ्यावा लागतो. म्हणून शिकवताना रिमोट घेऊन गाडीसमोर उभं राहायचं, आरशाजवळ धरून काही उपयोग नाही. दार आपोआप उघडायची सोय चालू असेल तर सेटिंगमधलं अंतर कमी करून बघा. गाडी जीपीएसच्या भरवशावर लांबूनच हाक मारते, ती पोहोचत नाही आणि दोष रेंजवर येतो.

यंत्रच गेलं असेल तर

हे सगळं करूनही होमलिंक ढिम्म राहिलं, तर डीलरकडे जाताना मोजमापाच्या रेघांचे फोटो आणि मूळ रिमोट सोबत न्या. 'रेंज कमी आहे' एवढंच म्हटलं की 'आमच्याकडे तर चालतंय' हे उत्तर ठरलेलं असतं. होमलिंक आरशात असेल तर बऱ्याचदा अख्खा आरसाच बदलावा लागतो. वॉरंटी संपलेली असेल तर तो खर्च आणि वीसेक डॉलरचा एक जादा रिमोट व्हायझरला अडकवणं, यात मी दुसरा पर्याय विचार न करता घेईन.

गाडी विकताना किंवा लीज संपून परत देताना मात्र तिन्ही बटणं आठवणीने पुसा. गाडीच्या नेव्हिगेशनमध्ये घराचा पत्ता असतो आणि आरशात घराची किल्ली.